वेढ्याचा आठवडा

“तूच आहेस का गं?”

रेवतीनं हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात मेथीचा पराठा होता, आणि तोही तिच्याच डब्यातला. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर आम्ही दोघीच बसलो होतो. बुधवारची दुपार होती.

“कोण मी?”

“फितूर.”

मला हसूच फुटलं. “हो बाई, मीच. दोन गावं इनाम मिळालीत. एक तुझ्या नावावर करते, पण आता गप्प बस आणि लोणचं दे.”

रेवती हसली नाही. तिनं डब्याला झाकण लावलं. मला अजून अर्धा पराठा खायचा होता, पण मागायचा धीर झाला नाही. रेवती मगदूम आणि मी डिग्रीच्या पहिल्या वर्षापासून एका खोलीत राहत होतो. माझ्या मस्करीवर ती हसली नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आम्ही सांगलीकडच्या एका कॉलेजात एम.टेक. करत होतो. विषय संगणक आणि नेटवर्कची सुरक्षा. वर्गात सगळे मिळून सहा जण. या विषयाची एक गंमत अशी, की कुलूप कसं लावायचं हे शिकायच्या आधी ते कसं फोडायचं हे शिकावं लागतं. त्यामुळे वर्षभरात आम्हा सहाही जणांची नजर थोडी चोरासारखी झाली होती. बँकेत गेलं तरी आधी भिंतीवरच्या वायरी कुठून कुठे जातात ते बघायचं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी देशिंगकर सर ‘वेढा’ घ्यायचे. हा आमच्या विभागाचा जुना रिवाज. लॅबमधलं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडायचं. एका सर्व्हरवर सरांनी मनानंच रचलेल्या एका दूध संघाची वेबसाइट चालवायची. तो सर्व्हर म्हणजे गड. तिघांनी तो राखायचा, उरलेल्या तिघांनी वरच्या मजल्यावरून हल्ला करायचा. सोमवार ते शुक्रवार वेबसाइट चालू राहिली तर राखणारे जिंकले. आमच्या गडाचं नाव भैरवगड. किल्लेदार रेवती, पहारेकरी मी आणि जतचा निशिकांत ऐवळे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सरांनी सुरुवातीलाच मेख मारून ठेवली.

“गड तोफांनी फार थोडे पडतात,” सर खडूची भुकटी झटकत म्हणाले. “आतून दरवाजा उघडणारा कोणीतरी असतो. तुम्हा तिघांत मी फितूर नेमला असेन किंवा नसेनही. ते मी सांगणार नाही. संशय आला तर किल्लेदारानं शुक्रवारपर्यंत नाव सांगायचं. फितूर सापडला तर तो नापास, बाकीचे पास. नाही सापडला आणि गड पडला तर किल्लेदारासकट पहारेकरी नापास.”

“आणि चुकीचं नाव सांगितलं तर, सर?” रेवतीनं विचारलं.

“मग बघू,” सर म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काहीतरी वाईटच, हे आम्हाला अनुभवानं ठाऊक होतं.

नापास होणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला आणि रेवतीला प्रोजेक्टसाठी घेतलं होतं. अट एकच, या सत्रात एकही विषय राहता कामा नये. आम्ही कोथरूडला खोलीसुद्धा बघून ठेवली होती. खिडकीशेजारचा पलंग कोणाचा, यावर भांडणही झालं होतं.

मग सरांनी आम्हाला एकेकट्याला केबिनमध्ये बोलावलं. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “चौगुले, घरी सगळे बरे आहेत ना?”

“हो, सर.”

“मग जा. काम कर.”

एवढंच. बाहेर आल्यावर दोघांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, घरचं विचारलं. निशिकांत म्हणाला, मला पण घरचंच इचारलं. रेवतीही तेच म्हणाली. आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. खरं बोलूनसुद्धा खोटं वाटावं अशी सोय सरांनी करून ठेवली होती.

सोमवारी दुपारी गडाच्या दारावर पहिली थाप पडली. सर्व्हर प्रत्येक येण्याजाण्याची नोंद ठेवतो. त्या नोंदींत एक अनोळखी पत्ता दिसला. निशिकांत ओरडला, “आलं बघा मावळं!” आम्ही धावपळ केली, दारं बंद केली. रेवतीनं स्वतःचा पासवर्ड तातडीनं बदलला. तासाभरानं कळलं की तो कोपऱ्यातला प्रिंटर होता. बिचारा आपण जिवंत आहोत एवढंच सगळ्यांना सांगत होता. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली होती. हसलो आणि चहाला गेलो.

चहा पिऊन आलो तर रेवतीचं खातं बंद पडलेलं. आमचाच नियम होता, की लागोपाठ चुकीचे पासवर्ड आले तर खात्याला आपोआप कुलूप लागावं. कोणीतरी रेवतीचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड मारत होतं. थोडा वेळ गेला की पुन्हा एक थाप. किल्लेदारच स्वतःच्या गडाबाहेर उभा! तिनं खातं उघडून घेतलं, पासवर्ड बदलला. काही वेळानं पुन्हा कुलूप. मंगळवारी तिनं इतके पासवर्ड बदलले की शेवटी तिचे तिलाच आठवेनात. आणि कितीही पासवर्ड बदलले तरी थापा सुरूच.

“ह्यांची चिकाटी बघा की,” निशिकांत म्हणाला. “वरची तिघं इतकी चिवट कवापासनं झाली?”

बुधवारी सकाळी त्यानं थापा कुठून येतात ते शोधून काढलं. पडद्याकडे बघत तो बराच वेळ कान खाजवत बसला.

“किल्लेदार, दगूड बाहेरनं न्हाई येत. आपल्याच घरातनं येतोय.”

“कोणत्या मशीनवरून?”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, हेच मला पहिल्यांदा जाणवलं. पत्ता माझ्या मशीनचा होता.

मी पुढे झाले आणि माझ्या की-बोर्डला हात लावणार, एवढ्यात रेवती म्हणाली, “हात लावू नकोस. पुरावा आहे.”

बरोबरच होतं तिचं. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. संशयित मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर खुणा पुसल्या जातात. मी हात मागे घेतला. तिनं आणि निशिकांतनं लांबूनच, आपल्या मशीनवरून बघितलं. त्या क्षणी मशीनवर काहीही संशयास्पद चालू नव्हतं. आणि त्याच दुपारी कट्ट्यावर, पराठा खाताना, तिनं मला विचारलं, तूच आहेस का गं.

त्या थापांच्या वेळा मी बघितल्या होत्या. एक मी जेवत असतानाची. एक मी वर्गात, रेवतीच्या शेजारी बसले असतानाची. मी काही केलं नव्हतं. पण माझं मशीन करत होतं. वरच्या तिघांनी माझ्या मशीनमध्ये शिरकाव केला असेल का? केला असेल तर कधी, कुठून? की मीच झोपेत चालावं तसं काहीतरी करून ठेवलंय? हसू नका. तुमच्या घरातून कोणी दगड मारत असेल आणि घरात तुम्ही एकटेच असाल, तर असले विचार तुमच्याही मनात येतील.

गुरुवारी रेवतीनं पुन्हा विचारलं. या वेळी लॅबमध्ये, निशिकांतसमोर.

“केतकी, सरळ सांग. सरांनी तुला नेमलंय का?”

“मला काही कळत नाहीये, रेवती.”

“हे उत्तर नाही झालं.”

“मग काय सांगू? मशीन माझं आहे, थापा माझ्या मशीनवरून येतायत. मला खरंच कळत नाहीये.”

ती उठली, टेबलाखाली वाकली आणि माझ्या मशीनची नेटवर्कची केबल तिनं उपसून काढली. मग आम्ही तिघं सर्व्हरच्या नोंदी बघत बसलो.

थापा थांबल्या.

अर्धा तास गेला. एक तास गेला. गडावर अशी शांतता सोमवारपासून नव्हती. निशिकांतनं सुस्कारा सोडला आणि मग आपण कशावर सुस्कारा सोडला हे लक्षात येऊन मान खाली घातली. रेवती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी भांडले असते. पण तिथे काहीतरी विचारणं होतं, आणि मला उत्तर सापडत नव्हतं.

त्या संध्याकाळी मेसमध्ये ती दुसऱ्या टेबलावर बसली. खोलीत आल्यावर भिंतीकडे तोंड करून वाचत राहिली. मी पलंगावर पडून कोथरूडच्या खिडकीचा विचार करत होते. उद्या ती माझं नाव सांगणार हे उघड होतं. मी ‘नाही’ म्हटलं तर कदाचित कोणीच पास होणार नाही. ‘हो’ म्हटलं तर ती आणि निशिकांत तरी सुटतील. आणि मनाच्या तळाशी अशीही एक शंका होती, की कोण जाणे, खरंच मीच असेन. सरांनी ‘घरी सगळे बरे आहेत ना’ म्हटलं त्याचा काही वेगळा अर्थ होता का? तो इशारा मला कळला नाही का? इतका मूर्ख विचार मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

शुक्रवारी सकाळी रेवती सरांच्या केबिनमध्ये गेली. मागोमाग आम्ही दोघं.

“सर, फितूर सापडला.” ती घाईघाईनं म्हणाली. “केतकी चौगुले.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “चौगुले, हे खरं आहे?”

मी रेवतीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“हो, सर,” मी म्हणाले. “मीच.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग उठले. “लॅबमध्ये चला. आणि वरच्या शूरवीरांना खाली बोलवा.”

वरचे तिघं आले. त्यांच्या बोटांना पांढरी पावडर लागली होती.

“आठवडाभर काय हल्ले केलेत, यांना सांगा,” सर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. यशोधन पाटणकर त्यांचा म्होरक्या. तो ओशाळून म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना, काही करू नका म्हणून. आम्ही कॅरम खेळत होतो.”

“आठवडाभर?”

“हो, सर. स्ट्रायकरसुद्धा फुटला.”

निशिकांतचं तोंड उघडंच राहिलं. “मग, सर, ठोकत कोण हुतं?”

“मला काय विचारतोस? गड तुमचा,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यात भर म्हणून पाटणकरनं सहज वेबसाइट उघडायला घेतली आणि म्हणाला, “अरे, तुमची साइट तर बंद आहे.” निशिकांतनं कपाळावर हात मारला. सकाळी बंदोबस्त आणखी कडक करण्याच्या नादात त्यानं एक सेटिंग बदललं होतं आणि गडाचा दरवाजा गिऱ्हाइकांनाही बंद केला होता. आता ते पहिल्यासारखं कसं करायचं ते त्याला आठवेना. तोफ न डागता गड पडला होता.

“थांब,” रेवती म्हणाली. “आपल्याकडे कॉपी आहेत. मी रविवारीच सोय केली होती. दर थोड्या वेळानं सगळ्या सर्व्हरची कॉपी निघते. केतकीच्या मशीनवर ठेवलीय, तिची डिस्क मोठी म्हणून...”

बोलता बोलता ती माझ्या खुर्चीत बसली. कॉपींचा फोल्डर उघडला. आत शेकड्यानं कॉपी असायला हव्या होत्या. पण शेवटची होती सोमवारी दुपारची, प्रिंटरच्या वेळची. त्यानंतर एकही नाही.

रेवतीचा हात माउसवर तसाच राहिला. मी तिच्या मागे उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. कान तेवढे लाल होताना दिसले. मग ती टेबलाखाली वाकली आणि उपसलेली केबल तिनं स्वतःच्या हातानं परत लावली.

आम्ही सगळे सर्व्हरच्या पडद्याभोवती जमलो. थोड्या वेळानं नोंद उमटली. रेवतीचं नाव, चुकीचा पासवर्ड, माझं मशीन.

“आला!” निशिकांत ओरडला, आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाला, “काखंत कळसा.”

कॉपी काढायचा तो छोटासा प्रोग्राम रेवतीनंच लिहिला होता. त्यात तिनं स्वतःचा पासवर्ड घातला होता. असं कधीही करू नये हे वर्गात सगळ्यांत जास्त वेळा तिनंच आम्हाला ऐकवलं होतं. सोमवारी प्रिंटरला भिऊन तिनं पासवर्ड बदलला, पण प्रोग्रामला ते कोण सांगणार? तो बिचारा दर थोड्या वेळानं जुनाच पासवर्ड घेऊन कॉपी मागायला दारात यायचा. क्षणभर थाप मारायचा आणि निघून जायचा, म्हणून मशीनवर बघितलं तर काही दिसायचं नाही. आमच्या रक्षणासाठी ठेवलेलाच तो माणूस होता.

रेवती खुर्चीत बसूनच रडली. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि पाय उचलेना.

दुपारी सरांनी मला एकटीला बोलावलं.

“मी कोणालाच फितूर नेमलं नव्हतं. तू हो का म्हणालीस?”

“सर, मी केलं नव्हतं. पण माझ्या मशीनवरून होत होतं. मला काही कळेना. आणि रेवतीला पास व्हायचं होतं.”

“तुला व्हायचं नव्हतं?”

मी टेबलावरचं त्यांचं पेन बघत राहिले.

“मगदूम चुकली, ऐवळे चुकला,” सर म्हणाले. “त्यांच्या चुका नोंदींत सापडल्या, दुरुस्त होतील. ते दोघं काठावर पास. पण तू हो म्हणालीस ना, तिथे तपास संपला असता. वर कॅरम चालू आहे हे मला माहीत नसतं, तर मीही विश्वास ठेवला असता. तुला पुढच्या वर्षी वेढा पुन्हा द्यावा लागेल.”

हा कुठला न्याय? संशय माझ्यावर, केबल माझी उपसली, आणि नापासही मीच! मी दार आपटून बाहेर आले. तेव्हा आला तो राग आजही पूर्ण गेलेला नाही.

जिन्यावर रेवती बसली होती. डोळे सुजलेले.

“तू हो का म्हणालीस?” तिनंही तेच विचारलं.

“तूच नाव सांगितलंस!”

“कारण तू एकदाही नाही म्हणाली नाहीस, केतके! बुधवारी विचारलं तर चेष्टा. काल विचारलं तर म्हणे कळत नाही. मी कशाला विचारत होते दोनदोनदा? तुझ्या तोंडून नाही ऐकायचं होतं मला.”

“आणि मी नाही म्हणाले असते तर तू मानलं असतंस?”

बराच वेळ ती पायरीवरच्या भेगेत नख फिरवत राहिली.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

रेवती पुण्याला गेली. कोथरूडची खोली तिनं घेतली, खिडकीशेजारचा पलंग आपोआप तिचा झाला. मी मागे राहिले. आमचं बोलणं तुटलं नाही, पण फोनवर दोघीही जपून बोलायचो, दुखऱ्या दाताच्या बाजूनं न चावता जेवावं तसं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा वेढ्यात उभी राहिले, नव्या पोरांबरोबर. सरांनी पुन्हा एकेकट्याला बोलावलं. पुन्हा विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. या वेळी मात्र ते त्यापुढेही थोडं बोलले. बुधवारी नव्या किल्लेदारणीला, शर्वाणी नाव तिचं, कसलासा संशय आला. कँटीनच्या त्याच कट्ट्यावर तिनं मला गाठलं.

“ताई, राग मानू नका. तुम्हीच आहात का हो?”

मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

“नाही,” मी म्हणाले. “मी नाही.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

संध्याकाळी मी रेवतीला फोन लावला.

“विचारलं का गं कोणी यंदा?” तिनं विचारलं. वेढ्याची तारीख तिनं लक्षात ठेवली होती.

“विचारलं.”

“काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले.”

“स्पष्ट?”

“स्पष्ट. डोळ्यांत बघून.”

“मानलं तिनं?”

“लगेच मानलं. पोळीभाजी पण दिली.”

तिच्या ऑफिसातला कुठलासा फोन वाजत होता, तो वाजून वाजून थांबला.

“बरं झालं,” रेवती म्हणाली.

“रेवती, ऐक ना. यंदा सरांनी मलाच नेमलंय.”

मग मला हसणं ऐकू आलं, आधी थोडं, मग अनावर, आम्ही डिग्रीच्या पहिल्या वर्षी हसायचो तसं. मीही हसायला लागले. पण माझं हसू ओसरलं तरी तिकडून आवाज येतच राहिला, आणि ती अजून हसतेय की रडतेय हे मला कळेना. मी विचारलंही नाही. फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.